‘मायनर’ पदवी आणि कर्जत लोकलचा विद्यार्थी

(अंबरनाथ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अभियांत्रिकीच्या पदवीला जोडून घ्यावयाच्या ‘मायनर’चा विषय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पाणी, लोकलची गर्दी, कारखान्यांतील कंत्राटी कामगार, वालधुनीचे काळे पाणी हे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याचे प्रश्न. त्यांच्यापुढे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातील एका कलमाची मातब्बरी ती काय? तथापि या पट्ट्यातील कोणत्याही कामगाराच्या घरी जाऊन विचारावे. पोटाला चिमटा काढून त्याने मुलाला वा मुलीला अभियांत्रिकीला घातलेले असते, डोक्यावर बँकेचे कर्ज असते, आणि मूल तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर आले की त्याला सांगण्यात येते, नुसत्या पदवीला आता किंमत उरलेली नाही, तिच्यासोबत आणखी काही तरी घ्या. हे ‘आणखी काही तरी’ कोणी ठरविले, ते कोणाला झेपते आणि ते ज्याला झेपत नाही त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न शिक्षणाचा जितका आहे तितकाच वर्गाचाही आहे.

मुळात कल्पना वाईट नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. विद्यार्थ्याने आपल्या मुख्य शाखेबरोबर दुसऱ्या एखाद्या शाखेचे सलग व नेमके ज्ञान मिळवावे आणि त्याची नोंद पदवीपत्रावर व्हावी, एवढाच मायनरचा अर्थ. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने संगणकशास्त्र घ्यावे, संगणकाच्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्र वा जलविज्ञान घ्यावे. मराठीत याला ‘गौण विषय’ म्हणण्याची रीत पडत आहे, आणि ती दुर्दैवी आहे. ज्याला नावातच गौण म्हटले त्याकडे विद्यार्थी तसाच पाहणार. वस्तुतः यंत्र ओळखणारा पण ते यंत्र चालविणाऱ्या माणसाला न ओळखणारा अभियंता कारखानदाराच्या सोयीचा असतो, आणि अशा एकांगी शिक्षणाविरुद्ध समाजवाद्यांनी नेहमीच बोट दाखविले आहे. अमेरिकेतील एमआयटीसारख्या संस्थेत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही मानव्यविद्या, कला व सामाजिक शास्त्रे यांतील आठ विषय पूर्ण करावेच लागतात. ते पदवीच्या आत बसविलेले असतात, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आयआयटी मुंबईतही २००७ च्या सुमारास अभ्यासक्रमाची फेररचना झाली तेव्हा मायनरची सोय करण्यात आली.

सर्वसाधारण महाविद्यालयांपर्यंत ही सोय पोहोचली ती अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने जानेवारी २०१८ मध्ये आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केल्यानंतर. पूर्वीचा दोनशेहून अधिक श्रेयांकांचा भार उतरवून पदवी १६० श्रेयांकांवर आणण्यात आली. हे योग्यच झाले. मात्र त्याच वेळी असे ठरले की ज्याला ‘ऑनर्स’ अथवा ‘मायनर’ हवे असेल त्याने या १६० च्या वर आणखी १८ ते २० श्रेयांक मिळवावेत. मुंबई विद्यापीठाने २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षापासून हे कार्यक्रम सुरू केले. कृत्रिम बुद्धिमत्ता, विदाविज्ञान, सायबर सुरक्षा, ब्लॉकचेन, इंटरनेट ऑफ थिंग्ज, रोबोटिक्स अशी त्यांची नावे. ही यादी वाचताना विद्यापीठाचे परिपत्रक वाचतो आहोत की शेअर बाजाराचे पान, असा संभ्रम पडावा. यांतील एकही विद्या टाकाऊ नाही. पण अंबरनाथची रसायने, बदलापूरची नदी किंवा उल्हासनगरची रंगाई यांच्याशी संबंध सांगणारा एकही विषय तिच्यात सहजी सापडत नाही.

आता थोडे गणित करू. एक श्रेयांक म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान. पंधरा आठवड्यांचे सत्र धरले तर १८ श्रेयांकांची मायनर म्हणजे सुमारे २७० तास. दोन वर्षांत २७० तास हे काही फार झाले असे मलबार हिलवर वा माटुंग्यात राहणाऱ्याला वाटणार नाही. पण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर आहे. बदलापूर पूर्वेला राहणारी आणि मुंबईच्या एखाद्या चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळविणारी मुलगी घरापासून वर्गापर्यंत आणि परत असे दिवसाला साडेतीन तास सहज प्रवासात घालविते. सत्रात नव्वद दिवस महाविद्यालय चालले असे धरले तर ३१५ तास होतात. म्हणजे दोन वर्षांच्या संपूर्ण मायनरला जितका वेळ लागतो त्याहून अधिक वेळ ही मुलगी एकाच सत्रात कर्जत मार्गावरच्या लोकलला देते, आणि तोही बहुतेक उभ्याने. मायनरचे तास नियमित वर्गांनंतर संध्याकाळी किंवा शनिवारी लावले की तिच्या दृष्टीने निवड आपोआप झालेली असते. कागदावर सर्वांना दार उघडे असते. दाराशी वेळेवर पोहोचणारे मात्र ठरावीकच.

कल्याण आणि कर्जतच्या परिसरातही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, मग मुंबईला जावेच कशाला, असे कोणी विचारील. येथे थोडे मागे जावे लागेल. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि महाराष्ट्रातील तंत्रशिक्षणाचा चेहरामोहराच पालटला. जागा वाढल्या, खेड्यापाड्यांतील मुले अभियंते झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या महाविद्यालयांची सारी भिस्त विद्यार्थ्यांच्या शुल्कावर राहिली. ज्या शाखेला मागणी ती शाखा चालू, ज्या शाखेला मागणी नाही ती बंद, हा तेथील न्याय. गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी स्थापत्य आणि यंत्र शाखांच्या जागा रिकाम्या राहिल्या, काही ठिकाणी त्या शाखाच बंद झाल्या. पुढे २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेने विहित निकषांत बसणाऱ्या महाविद्यालयांसाठी शाखानिहाय जागांची कमाल मर्यादाच काढून टाकली. संगणकाच्या तुकड्या मग भराभर वाढल्या.

हा संदर्भ मायनरशी निगडित आहे, कारण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मायनरचे रूप बदलले आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये अभियांत्रिकीसाठी जी श्रेयांक-रचना ठरविली तिच्यात ‘बहुविद्याशाखीय मायनर’ पदवीच्या आतच आणून तिला १४ श्रेयांक देण्यात आले आणि मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्षाला ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे, आणि विरोधासाठी विरोध करणाऱ्यांनीही तसे म्हटले पाहिजे. जे जादा होते ते हक्काचे झाले. बदलापूरच्या त्या मुलीला संध्याकाळी थांबण्याचे कारण निदान तत्त्वतः उरले नाही. पण दुसरी विद्याशाखा शिकवावयाची तर ती महाविद्यालयात असावी लागते! जेथे संगणक, माहिती तंत्रज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता एवढ्याच तीन तुकड्या आहेत, तेथे ‘बहुविद्याशाखीय’ या भारदस्त शब्दाखाली संगणकाच्याच विद्यार्थ्याला पुन्हा संगणकच वाढला जाण्याचा धोका उघड आहे. अर्थशास्त्राचा वा रसायन अभियांत्रिकीचा एक पूर्णवेळ अध्यापक नेमण्याचा खर्च कोणत्या संस्थाचालकाला नको असतो, हे सांगावयास नको.

यावर उत्तर म्हणून दूरस्थ अभ्यासक्रमांकडे बोट दाखविले जाते. आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी २००३ पासून चालविलेली एनपीटीईएलची व्याख्याने आणि २०१७ पासूनचे ‘स्वयं’ व्यासपीठ ही खरोखरच मोठी सार्वजनिक संपत्ती आहे. व्याख्याने फुकट, प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे साधारण हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींना त्यात सवलत. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये जाहीर केलेला विदाविज्ञानाचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम तर अभियांत्रिकी शिकतानाच करता येतो, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. कॅम्प चार-पाचमधील दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने ही व्याख्याने कोठे बसून ऐकावयाची, हे मात्र कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही. आई शिलाईयंत्रावर, धाकटी भावंडे दूरचित्रवाणीसमोर, आणि वडील रात्रपाळी करून आलेले, म्हणून दिवसा दिवाही लावावयाचा नाही. पालिकांनी उभारलेल्या अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघड्या ठेवल्या आणि तेथे चांगली इंटरनेट जोडणी दिली, तर या पट्ट्यात मायनर घेणाऱ्यांची संख्या कोणत्याही जाहिरातीविना वाढेल.

महाविद्यालये आणि कंपन्या मिळून जे ‘विशेष कार्यक्रम’ चालवितात त्यांचा उल्लेख एका वाक्यात पुरे: ज्या प्रमाणपत्राचे शुल्क नियमित शुल्काबाहेर घेतले जाते आणि ज्याची परीक्षा विद्यापीठ घेत नाही, ते शिक्षण आहे की विक्री, हे आधी विचारावे.

मग या पट्ट्याला कोणती मायनर हवी? येथे नुसती टीका करून भागणार नाही.

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली. सुमारे हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. साऱ्या देशाने ती छायाचित्रे पाहिली. त्याच पाण्यात बदलापूरच्या सखल वस्त्यांतील संसार भिजले, ते फारसे कोणी पाहिले नाही. पाऊस किती पडला, नदी कोणत्या तासाला कोठे किती चढली, बारवीच्या धरणातून पाणी केव्हा सुटले, हे मोजून गावकऱ्यांना चार तास आधी सांगणे ही विदाविज्ञानाची आणि जलविज्ञानाची संयुक्त समस्या आहे. संगणकाच्या विद्यार्थ्याने जलविज्ञानाची मायनर घेतली, तर त्याचा प्रकल्प कोठे दूरच्या ग्राहकांच्या खरेदीच्या सवयींवर न होता वालिवलीच्या नदीकाठावर होईल.

वालधुनीचेही तसेच. काकोळेच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी प्राचीन शिवमंदिराच्या बाजूने अंबरनाथमधून उल्हासनगरात शिरते आणि कल्याणच्या खाडीपर्यंत पोहोचेस्तोवर तिचा नाला होतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधून तिच्यात रसायन ओतले गेले आणि विषारी वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. पुढे २०१८ च्या सुमारास कॅम्प पाचमधील जीन्स रंगविणाऱ्या कारखान्यांवर कारवाई झाली. नदीच्या बाजूने पाहता ती अटळ होती. पण त्या कारखान्यांत हजारो हात राबत होते. त्यांची रोजी गेली आणि काही कारखाने आसपासच्या गावांत सरकले, म्हणजे विष तेवढे एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात गेले. लहान रंगाई कारखान्याला परवडेल असे सांडपाणी शुद्धीकरण कसे उभारावे, अनेकांनी मिळून ते सहकारी पद्धतीने कसे चालवावे, पाण्याची प्रत सतत कशी मोजावी, हा रसायन, संगणक आणि अर्थशास्त्र यांच्या सीमेवरचा प्रश्न आहे. नदी की रोजगार, असा कृत्रिम झगडा लावून दिला जातो तेव्हा त्यातून वाट काढणारा तंत्रज्ञ या पट्ट्याला हवा आहे, आणि तो बाहेरून येणार नाही. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरने दुरुस्ती, जुळणी आणि नक्कल यांत जे हस्तकौशल्य कमावले, त्याची टिंगल पुष्कळ झाली; त्याला विद्येची जोड देण्याचा विचार क्वचित झाला.

रासायनिक सुरक्षिततेचा विषय तर जिवाशीच निगडित आहे. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी रासायनिक कारखान्यांत जे स्फोट झाले त्यांत दोन्ही वेळा अनेक माणसे मेली. ३ जून २०२१ रोजी बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, तेव्हा लोक घराबाहेर पडून श्वास कोंडल्याच्या तक्रारी करीत होते. अंबरनाथ–बदलापूरच्या कारखान्यांत कोणते रसायन किती साठविले आहे, हे शेजारच्या वस्तीला ठाऊक नसते. भोपाळच्या हत्याकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याच्या प्रक्रियांची माहिती मिळण्याचा आणि सुरक्षा समितीत सहभागी होण्याचा हक्क कामगाराला देण्यात आला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा अधिनियम आपल्या पोटात घेतला, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. जुन्यातले काय टिकले, काय पातळ झाले, हे अभियंत्याला कळावयास नको काय? स्फोट झाल्यावर व्यवस्थापनातर्फे जबाब लिहिणारा अभियंता जर विद्यार्थिदशेत कामगार कायदा आणि धोका-विश्लेषण शिकला असेल, तर कदाचित तो स्फोटाआधीच सही करण्यास नकार देईल. अशा मायनरला श्रेयांक मिळावेत असे म्हणणे म्हणजे काही क्रांती नव्हे. पण ती मागणी अद्याप जोराने कोणी केलेली नाही.

आणि अंबरनाथचे यंत्र. येथील आयुध निर्माणी आणि १९५३ पासूनचा मशीन टूल प्रोटोटाईप कारखाना यांनी देशाने स्वतःची यंत्रे स्वतः घडवावीत या विचारातून दोन पिढ्यांना हातकाम शिकविले. संरक्षण कामगारांच्या ज्या अखिल भारतीय महासंघाचे नेतृत्व एस. एम. जोशी यांनी प्रदीर्घ काळ केले, त्याची मुळे अशा वसाहतींत होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्यात आल्या; अंबरनाथची आयुध निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे आणि प्रोटोटाईप कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेला. महासंघाने या निर्णयाला कडवा विरोध केला होता. तो लढा निराळा. पण हजारांश मिलिमीटरपर्यंत धातू कातणारे निवृत्त टर्नर आणि फिटर आजही अंबरनाथच्या गल्लीबोळांत राहतात, शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही याच शहरात आहे, आणि रोबोटिक्सची मायनर घेणारा विद्यार्थी मात्र लेथला हात न लावता पडद्यावरच्या यंत्रमानवावर परीक्षा उत्तीर्ण होतो. प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा दुपारनंतर मायनरच्या विद्यार्थ्यांना उघडी करून दिली आणि त्या निवृत्त कारागिरांना मानधनावर शिकविण्यास बोलाविले, तर खर्च नगण्य येईल. अडचण पैशाची नाही. पदवीधराने बिगर-पदवीधराकडून शिकावे ही गोष्ट आपल्या विद्यापीठीय जातिव्यवस्थेत बसत नाही, ही आहे.

उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयासारख्या १९६५ पासून चालत आलेल्या कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालयांतून संगणकशास्त्राची पदवी घेणारे विद्यार्थीही या चर्चेत धरले पाहिजेत. त्यांच्या हाताशी अर्थशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, भाषा आहेत; म्हणजे जी बहुविद्याशाखा तीन तुकड्यांच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाजवळ नाही ती यांच्या वरच्या मजल्यावर आहे. शेजारच्या दोन महाविद्यालयांनी एकमेकांचे श्रेयांक मान्य केले तर दोघांचीही उणीव भरून निघते. भाषेचा मुद्दाही येथेच येतो. पिंपरी-चिंचवडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाला २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकविण्याची मान्यता मिळाली, यावरून माध्यमाचा अडसर अनुल्लंघनीय नाही एवढे दिसते. नदीकाठच्या गावकऱ्यांशी बोलावयाचे असेल तर विद्यार्थ्याचा अहवाल मराठीत आणि उल्हासनगरात हिंदी-सिंधीतही असला पाहिजे.

एका धोक्याकडे मात्र कामगार संघटनांनी आताच लक्ष द्यावे. नव्या रचनेत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणालाही श्रेयांक आहेत. कल्पना उत्तम, पण श्रेयांकाच्या आशेने आलेला विद्यार्थी म्हणजे फुकटचा कामगार, हे औद्योगिक वसाहतीतील ठेकेदाराच्या ध्यानात येण्यास वेळ लागणार नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले, आणि २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविले. पदवीपूर्व विद्यार्थी या संरक्षणाच्या बाहेर राहिला तर एका बाजूने त्याची पिळवणूक होईल आणि दुसऱ्या बाजूने त्याच्याच वडिलांच्या जागी त्याला उभे केले जाईल. बापाची पाळी मुलाच्या प्रशिक्षणाने भरून काढण्याचा हा प्रकार अंबरनाथच्या एकाही कारखान्यात होऊ देता कामा नये. प्रशिक्षणार्थी किती, कोणत्या यंत्रावर, किती तास, विमा कोणाचा, याची नोंद संघटनेने मागावी.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. जेथे मायनरसाठी वा दूरस्थ परीक्षांसाठी वेगळे पैसे घेतले जातात तेथे तेही या माफीत धरावेत, अशी मागणी विद्यापीठाच्या अधिसभेतील नोंदणीकृत पदवीधरांच्या प्रतिनिधींकरवी मांडता येईल. त्यासाठी आधी माहिती हवी. या पट्ट्यातील विद्यार्थी ज्या महाविद्यालयांत जातात त्यांची यादी करून प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी विचाराव्यात: मायनर कोणत्या विषयांत देता, त्यासाठी पूर्णवेळ अध्यापक किती, आणि वेगळे शुल्क किती. चौथी गोष्ट विचारावयाची नाही, पाहावयाची. सूचनाफलकावरील वेळापत्रकाची प्रत घ्यावी, मायनरचा शेवटचा तास किती वाजता सुटतो ते बघावे, आणि त्यानंतरची कर्जत किंवा बदलापूर लोकल कोणती, ते त्याच कागदाच्या कडेला लिहून आणावे.